ताक, आंबील आणि चहा : बुलढाणा जिल्ह्यातील वृद्धांच्या पेयांचा इतिहास

बुलढाणा जिल्ह्याचे दोन भाग तेथील माणसे आजही ‘घाटावरचा’ आणि ‘घाटाखालचा’ अशा साध्या शब्दांत सांगतात. जुन्या महसुली कागदपत्रांत त्यांनाच बालाघाट आणि पायनघाट अशी नावे होती. घाटावर अजिंठा डोंगररांगेचे पठार आणि त्यावर चिखली, मेहकर, लोणार, सिंदखेड राजा, देऊळगाव राजा हा मुलूख. घाटाखाली सातपुडा आणि अजिंठा यांच्यामध्ये पसरलेले पूर्णा नदीचे काळ्या मातीचे खोरे आणि त्यात मलकापूर, नांदुरा, शेगाव, जळगाव जामोद, संग्रामपूर. या दोन भागांतला फरक जितका जमिनीच्या उंचीचा, तितकाच पाण्याच्या चवीचा आहे. उतारवयात मेंदू शाबूत राहावा म्हणून रोज काय प्यावे, हा प्रश्न आज सर्वत्र विचारला जातो आणि त्याची उत्तरे बहुधा परदेशी पेयांच्या नावांनी दिली जातात. परंतु कोणत्याही प्रदेशातील म्हाताऱ्या माणसाच्या पेल्यात काय येते, हे तेथील विहीर, तेथील गोठा आणि तेथील बाजारपेठ यांनी ठरवलेले असते, आणि बुलढाणा जिल्ह्यात हा ठरवण्याचा क्रम दोनशे वर्षांपर्यंत मागे जाऊन पाहता येतो.

प्रथम पाण्याचा विचार केला पाहिजे, कारण सर्व पेयांचे मूळ द्रव्य तेच. पूर्णा खोऱ्यातील गाळाच्या जमिनीखालचे पाणी मोठ्या प्रमाणावर खारे आहे. या पट्ट्याला ‘खारपाणपट्टा’ म्हणतात आणि अमरावती, अकोला व बुलढाणा या तीन जिल्ह्यांतील सुमारे ९०० गावे त्यात मोडतात. खोल गाळ, मंद उतार आणि पाण्याचा सावकाश निचरा यांमुळे क्षार वाहून न जाता जागीच साठत राहिले. विहिरींचे पाणी इतके खारे होते, की त्यापासून मीठ काढण्याचा धंदा या खोऱ्यात चालत असे, आणि १९३० च्या सविनय कायदेभंगात वऱ्हाडच्या सत्याग्रहींना मिठाचा कायदा मोडण्यासाठी समुद्राकडे जावे लागले नाही. शेजारच्या अकोला जिल्ह्यातील दहीहांडा येथे विहिरीच्या पाण्यापासूनच मीठ तयार करण्यात आले. घाटाखालच्या कुटुंबांना गोड्या पाण्यासाठी नदीच्या वाळूत खणलेल्या झिऱ्यांवर, म्हणजे पाझरून पाणी साचणाऱ्या उथळ खड्ड्यांवर, किंवा गावाबाहेरच्या एखाद्या गोड विहिरीवर अवलंबून राहावे लागे. घाटावर चित्र वेगळे होते. सिंदखेड राजा येथे जाधवांच्या काळातील मोती तलाव आणि पुतळा बारव आहेत, आणि लोणारला तर क्षारयुक्त सरोवराच्या काठावरच गोड्या पाण्याची अखंड धार वाहते. खारे आणि गोडे इतके शेजारी-शेजारी असलेले दुसरे ठिकाण महाराष्ट्रात सापडणे कठीण.

पाण्याच्या या इतिहासाचा वृद्धांच्या मेंदूशी थेट संबंध आहे. वय वाढले की तहान लागण्याची जाणीव मंदावते. ऑक्सफर्डच्या संशोधकांनी १९८४ मध्ये प्रसिद्ध केलेल्या एका छोट्या पण पुढे फार गाजलेल्या प्रयोगात ६७ ते ७५ वयाचे सात निरोगी पुरुष आणि २० ते ३१ वयाचे सात तरुण यांना २४ तास पाण्यावाचून ठेवण्यात आले. त्यानंतर पाणी समोर ठेवल्यावर वृद्धांना तहान कमी जाणवली आणि ते पाणीही कमी प्यायले, जरी त्यांच्या शरीराची गरज कमी नव्हती. शरीरातील पाणी घटले, की वृद्ध माणसाला ‘डिलिरियम’ म्हणजे अचानक येणारी संभ्रमावस्था गाठू शकते. वेळ-काळाचे भान सुटते, बोलणे असंबद्ध होते, आणि घरची माणसे त्याला म्हातारचळ समजून सोडून देतात, वास्तविक वेळीच उपचार झाले तर ही अवस्था पुष्कळदा ओसरते. हळूहळू वाढत जाणारा ‘डिमेन्शिया’, म्हणजे स्मृतिभ्रंश, हा त्याहून वेगळा विकार आहे. भारतात ६० वर्षांवरील व्यक्तींमध्ये त्याचे प्रमाण सुमारे ७.४ टक्के असावे, म्हणजे सुमारे ८८ लाख माणसे, असा अंदाज २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या देशव्यापी पाहणीने दिला. उन्हाळ्यात पारा ४४-४५ अंशांवर जाणाऱ्या मलकापूर-खामगावच्या पट्ट्यात, जिथे तोंडाला येणारे पाणी खारे आणि गोडे पाणी लांबून डोक्यावर आणलेले, तिथे आधीच तहान मंदावलेल्या वृद्धाने पाणी कमी पिणे हे ओघानेच येते. सून अर्ध्या कोसावरून आणते त्या घागरीतले पाणी मोजून प्यावे, ही भावना जुन्या पिढीच्या हाडीमाशी भिनलेली होती.

या ठिकाणी ताकाचे महत्त्व लक्षात येते. खामगावची पेठ पुढे कापसासाठी नावारूपाला आली. मात्र तिचा आरंभ १८२० च्या सुमारास काही व्यापाऱ्यांनी तूप, सूत आणि थोडाबहुत कापूस यांचा व्यवहार सुरू केल्याने झाला, असे इंग्रजी अमदानीतील गॅझेटिअर सांगते. या नोंदीत तूप आहे, ही गोष्ट सहज वाचून सोडून देण्यासारखी नाही. त्या काळात दूध दूरवर नेण्याचे साधन नव्हते. जे टिकते आणि बैलगाडीवर लादता येते ते तूप, म्हणून गावोगावचे दूध लोण्याच्या आणि तुपाच्या रूपाने चामड्याच्या बुधल्यांत भरून पेठेत जाई. एक किलो तूप काढण्यासाठी म्हशीचे सुमारे १५ लिटर किंवा गाईचे सुमारे २५ लिटर दूध लागते, आणि घुसळताना त्यात पाणी पडत असल्याने मागे उरणारे ताक त्याहूनही अधिक भरते. हे ताक दीड-दोन दिवसांपलीकडे टिकत नाही आणि कोणताही व्यापारी ते घेत नाही. म्हणून ते गावात वाटले जाई. ताकाचे पैसे घेणे कमीपणाचे मानण्याची जी रीत ग्रामीण महाराष्ट्रात सर्वत्र होती, तिच्या मुळाशी औदार्य होतेच, पण त्या औदार्याला तुपाच्या बाजाराने आधार दिला होता.

‘ताकाला जाऊन भांडे लपवणे’ हा वाक्प्रचार मराठीत रूढ झाला, तो शेजारच्या घरी ताक मागायला जाणे ही रोजची गोष्ट असल्यामुळेच. आणि ‘ताकापुरते रामायण’ या म्हणीत तर ताकासाठी चार गोष्टी सांगत बसणाऱ्या माणसाचे चित्रच उभे आहे. शब्दकोशात या म्हणींना उपरोधाचा अर्थ दिलेला असतो; इतिहासाच्या दृष्टीने पाहिले तर त्या एका देवघेवीच्या साक्षी आहेत, कारण ज्याच्या घरी दुभते नाही अशा भूमिहीन मजुराच्या म्हाताऱ्या आईलाही दुपारी पेलाभर ताक मिळत होते, आणि ते आणायला गेलेले माणूस दोन घटका बोलून येत होते.

ही घुसळण जवळून पाहण्यासारखी असे. रात्री विरजलेले दही पहाटे मोठ्या मातीच्या डेऱ्यात ओतायचे, डेऱ्यात लाकडी रवी उभी करून ती घुसळखांबाला अडकवायची आणि रवीला गुंडाळलेल्या दोराची दोन टोके आळीपाळीने ओढायची. आवाज आधी जड आणि घोटीव येई, लोणी फुटू लागले की तो पातळ होई, आणि हात सरावलेली बाई या आवाजावरूनच पाणी केव्हा घालायचे ते ओळखी. उन्हाळ्यात पाणी गार घालायचे, थंडीत कोमट. लोण्याचा गोळा वर आला की तो काढून कढवायला ठेवायचा. तळाशी उरलेली बेरी मुलांना आणि ताक घरातल्या वडीलधाऱ्यांना व दारी आलेल्यांना.

ताकातून स्निग्धांश निघून जातो, परंतु पाण्यात विरघळणारे बी-१२ हे जीवनसत्त्व त्यात बऱ्याच अंशी राहते. या जीवनसत्त्वाची उणीव झाली तर विस्मरण, हातापायांना मुंग्या आणि चालण्यातील अस्थिरता अशी लक्षणे दिसतात, आणि ती वेळीच ओळखली तर सुधारू शकतात. शाकाहारी अन्नात बी-१२ चा मुख्य आधार दूध, दही आणि ताक हाच असतो. पुण्याच्या केईएम रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी भारतीयांमधील या उणिवेकडे दोन दशकांहून अधिक काळ लक्ष वेधले आहे. अर्थात पातळ ताकाच्या एका पेल्याने दिवसाची गरज भागत नाही, आणि वार्धक्यात जठरातील आम्ल कमी झाल्याने अन्नातील बी-१२ शरीराला नीट घेताही येत नाही. म्हणून ताकाला औषधाची जागा देणे चुकीचे ठरेल. त्याचे खरे काम निराळे होते. दुपारच्या जेवणाबरोबर आणि नंतर तिसऱ्या प्रहरी, तहानेची वाट न पाहता, ठरल्या वेळी अर्धा-पाऊण लिटर द्रव पोटात जावा, अशी व्यवस्था त्याने कोणाच्या ध्यानीमनी नसताना लावून दिली होती. शिवाय आंबटपणामुळे खारे पाणीही त्यात खपून जाई.

ताकाचाच पुढचा अवतार म्हणजे आंबील. वऱ्हाड हा ज्वारीचा मुलूख, आणि ज्यांचे दात गेले, भाकर चावत नाही, अशांचे अन्न आणि पेय दोन्ही आंबिलीत एकवटलेले असते. ज्वारीचे पीठ ताकात किंवा पाण्यात कालवून रात्रभर आंबवतात. सकाळी उकळत्या पाण्यात जिरे, ठेचलेला लसूण आणि मीठ टाकून ते पीठ सावकाश सोडतात, आणि गुठळी होऊ नये म्हणून हात न थांबवता ढवळत राहतात. पातळ, किंचित आंबट, कोमट आंबील वाटीने प्यायची. तिच्यात पाणी आहे, धान्य आहे, साखर मुळीच नाही. वृद्धांच्या पेयांत इतका नेमका पदार्थ क्वचित आढळतो.

उन्हाळी पेयांचा आरंभ अक्षय्य तृतीयेला, म्हणजे आखाजीला होई. त्या दिवशी पितरांच्या नावाने पाण्याची घागर भरली जाते, कैरीचे पन्हे केले जाते, आणि विदर्भातील पुष्कळ घरांत चिंच व गूळ यांची चिंचवणी असते. जळगाव जामोद तालुक्यातील भेंडवळ येथे याच मुहूर्तावर होणारी घटमांडणी प्रसिद्ध आहे. शेतात मांडलेल्या घटात पावसाळ्याच्या चार महिन्यांची चार ढेकळे ठेवून त्यांवर पाण्याने भरलेली घागर ठेवतात, भोवती धान्ये मांडतात आणि दुसऱ्या दिवशी पहाटे त्यावरून पाऊसपाण्याचे भाकीत सांगतात. भाकितावर विश्वास ठेवावा की नाही हा प्रश्न बाजूला ठेवला, तरी ज्या भागात पाणीच दुर्मीळ त्या भागाच्या वर्षारंभाच्या विधीत मध्यभागी पाण्याची घागर असावी, हे समजण्यासारखे आहे. याच दिवसापासून रस्त्याकडेला रांजण ठेवून पाणपोया सुरू होत आणि वाटसरूंना, त्यातही म्हाताऱ्यांना, हाक मारून पाणी पाजले जाई.

बुद्धिवर्धक म्हणून मुद्दाम घ्यायच्या पेयांची परंपरा वैद्यकाकडे होती. चरकसंहितेत ‘मेध्य रसायन’ म्हणून, म्हणजे मेधेला हितकर म्हणून, चार द्रव्ये सांगितली आहेत: मंडूकपर्णीचा रस, ज्येष्ठमधाचे चूर्ण दुधाबरोबर, गुळवेलीचा रस आणि शंखपुष्पीचा कल्क. यांपैकी गुळवेल कडुनिंबावर चढलेली जिल्ह्यात सर्वत्र दिसते, परंतु घरोघरी तिचा काढा होई तो तापासाठी. ही वैद्याने द्यायची द्रव्ये होती, रोजच्या पेल्यातली नव्हेत, आणि त्यांनी स्मृतिभ्रंश टळतो असे आधुनिक चाचण्यांनी अद्याप सिद्ध झालेले नाही.

ताकाची व्यवस्था मोडली ती एकाएकी नव्हे. १८५३ मध्ये निजामाने वऱ्हाड इंग्रजांच्या हवाली केला. १८६१ ते १८६५ या अमेरिकेतील यादवी युद्धाच्या काळात तेथील कापूस थांबल्याने मँचेस्टरच्या कापडगिरण्यांची नजर वऱ्हाडकडे वळली. १८६७ मध्ये मलकापूर, नांदुरा, जलंब, शेगाव या मार्गाने रेल्वे नागपूरला पोहोचली आणि १८७० मध्ये जलंबपासून खामगावच्या कापूसपेठेपर्यंत खास फाटा टाकण्यात आला. कापसाखालची जमीन वाढत गेली तशी गुरांच्या चराईची राने आणि कडबा देणारी ज्वारी मागे हटली. इतिहासकार लक्ष्मण सत्या यांनी १८५० ते १९०० या काळातील वऱ्हाडचा कापूस आणि दुष्काळ यांवर लिहिलेल्या ग्रंथात या बदलाची चिकित्सा केली आहे. १८९६-९७ आणि १८९९-१९०० च्या दुष्काळांत माणसांबरोबर गुरेही मोठ्या संख्येने मेली. ज्या घरचा गोठा रिकामा झाला त्या घरची रवी थांबली, आणि तिच्याबरोबर ज्यांना त्या घरून ताक मिळत होते त्यांचेही पेले रिकामे झाले.

त्या रिकाम्या जागेत चहा आला. १८९० मध्ये पुण्याच्या पंचहौद मिशनमध्ये लोकमान्य टिळक आणि न्यायमूर्ती रानडे यांच्यासह काही मंडळी मिशनऱ्यांच्या हातचा चहा प्यायली म्हणून ग्रामण्य माजले, म्हणजे जातिबहिष्काराचा वाद उभा राहिला. पुढे १९०३ मध्ये निर्यातीच्या चहावर उपकर बसवून त्या पैशातून प्रचार करण्याचा कायदा झाला, आणि १९३० नंतरच्या मंदीत मळेवाल्यांनी हा प्रचार देशी गिऱ्हाइकांकडे जोराने वळवला: रेल्वे स्थानकांवर फलक लागले, गिरण्यांच्या दारात आणि बाजारांत चहा करून दाखवला जाऊ लागला, स्वस्तातल्या छोट्या पुड्या निघाल्या. रेल्वे आणि कापसाचा बाजार या दोन्ही वाटा ज्या जिल्ह्यातून जात होत्या, तेथे चहाला शिरकाव कठीण नव्हता. जिनिंग-प्रेसिंगच्या हमालाला, रात्री गाडी घेऊन पेठेत आलेल्या शेतकऱ्याला, उकळलेला, गोड, गरम चहा हा उपाशीपोटी आधार वाटला. ताकाला गोठा लागे, चहाला दोन पैसे पुरत. गांधीजींनी चहातील टॅनिनवर टीका केली, ‘आरोग्याची चावी’ या पुस्तकातही तो विषय मांडला. पण वऱ्हाडच्या खेड्यांत चहा थांबला नाही.

चहाला दोषी धरणे न्यायाचे होणार नाही. ब्रिटनमधील ५० ते ७४ वयाच्या ३,६५,६८२ व्यक्तींच्या माहितीवर आधारलेल्या, २०२१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात, दिवसाला दोन-तीन कप चहा आणि दोन-तीन कप कॉफी घेणाऱ्यांमध्ये, या दोन्हींपासून दूर राहणाऱ्यांच्या तुलनेत, स्मृतिभ्रंशाचे प्रमाण २८ टक्क्यांनी आणि पक्षाघाताचे ३२ टक्क्यांनी कमी आढळले. हा निरीक्षणाचा अभ्यास आहे. चहामुळेच हे घडले असे त्यावरून म्हणता येत नाही. शिवाय तो चहा आणि टपरीवरचा चहा एक नव्हे. एका कपात दोन चमचे साखर धरली, तर पाच कपांत ४० ते ५० ग्रॅम साखर जाते, आणि जागतिक आरोग्य संघटनेने प्रौढांसाठी घातलेली दिवसाची कमाल मर्यादाच साधारण ५० ग्रॅम आहे. मधुमेह आणि मध्यम वयातील उच्च रक्तदाब हे स्मृतिभ्रंशाचे टाळता येण्याजोगे धोके आहेत. ‘लॅन्सेट’च्या तज्ज्ञगटाने २०२४ मध्ये असे १४ धोके सांगितले, त्यांत अतिमद्यपान आणि एकटेपणाही आहे. या शेवटच्या धोक्याचा विचार केला तर पारावर चार समवयस्कांबरोबर घेतलेला बिनसाखरेचा चहा चांगला म्हणावा लागेल. मात्र टपरी पुरुषांची राहिली. ताक आणण्याच्या निमित्ताने ज्या म्हाताऱ्या बायका शेजारी जाऊन बसत, त्यांना चहाने तशी जागा दिली नाही, आणि ही उणीव या बदलाच्या चर्चेत क्वचित मोजली जाते.

दुसरा आघात ताकावर झाला तो दुधाच्या समृद्धीतून. १९७० मध्ये देशात ‘दुधाचा महापूर’ ही योजना सुरू झाली, संकलन केंद्रे आणि शीतकरणाची सोय हळूहळू सर्वदूर पोहोचली, आणि दूध दूधच म्हणून विकता येऊ लागले. शेतकऱ्याच्या हाती रोख पैसा आला, ही मोठी गोष्ट. परंतु पूर्वी तूप पेठेत जाई आणि ताक गावात राही. आता सकाळी सहा वाजता पूर्ण दूधच कॅनमधून निघून जाते, मागे काहीच उरत नाही. ताक नंतर पिशवीत भरून, मीठ-मसाला घालून, विकत मिळू लागले.

या मिठाचा प्रश्न खारपाणपट्ट्यात दुय्यम नाही. बांगलादेशाच्या खाऱ्या किनारपट्टीत गर्भवती स्त्रियांवर झालेल्या अभ्यासांत पिण्याच्या पाण्यातील खारेपणाचा उच्च रक्तदाबाशी संबंध आढळला आहे. पूर्णेच्या खोऱ्यातील क्षारांचे स्वरूप अगदी तसेच असेल असे नाही, पण ज्याच्या पाण्यातच सोडियम आहे, त्या वृद्धाच्या ताकात वरून मीठ घालू नये, एवढे त्यावरून निश्चित म्हणता येते. नळयोजनांनी आता अनेक गावांत धरणाचे गोडे पाणी आणले आहे. तरीही ज्या आठवड्यात नळ येत नाही, त्या आठवड्यात हातपंपाचे खारे पाणीच माठात पडते.

बुलढाण्याच्या वृद्धांना विदेशी हिरव्या चहाची गरज नाही. गोडे पाणी, बिनमिठाचे पातळ ताक, सकाळची आंबील आणि बिनसाखरेचा दोन वेळचा चहा एवढे त्यांना पुरेसे आहे, आणि ते ठरल्या वेळी कोणीतरी हातात आणून दिले पाहिजे, कारण त्या वयात तहान स्वतःहून आठवण करून देत नाही. ज्या घरांत डेरा-रवी वापरलेली, झिऱ्यावरून पाणी आणलेली ऐंशी-नव्वदीची बाई आज आहे, त्या घरच्यांनी तिच्याजवळ बसून विरजण कसे लावत, आंबील किती वेळ आंबवत, ताक कोणकोणाच्या घरी जाई, हे तिच्याच शब्दांत लवकर लिहून घ्यावे.